सिंहासन आणि टोपली

दिल्लीला जाऊन आलेल्या मराठी माणसाला परतल्यावर एक तोंडी परीक्षा द्यावी लागते. लाल किल्ला पाहिलात का, कुतुबमिनार पाहिलात का, राजघाटावर गेलात का, आणि चांदणी चौकात पराठे खाल्लेत का, हे तिचे चार ठरावीक प्रश्न. गेल्या मे महिन्यात आम्ही दिल्लीला जाऊन आलो आणि कॉलेज उघडल्यावर प्राध्यापकांच्या खोलीत माझीही परीक्षा झाली. चारही उत्तरे बरोबर आली. मग इतिहासाच्या सहकाऱ्यांनी एक जादा प्रश्न विचारला, "आणखी काय पाहिलंत?" मी खरे ते सांगून टाकले, "संडासांचं संग्रहालय."

खोलीत एकदम शांतता पसरली. एका बाईंनी तोंडाशी नेलेला चहाचा कप परत बशीत ठेवला. अर्थशास्त्राचे प्राध्यापक माझ्याकडे काळजीने पाहत म्हणाले, "पण सर, तुम्ही मराठीचे ना?" भाषा शिकवणाऱ्या माणसाचा या विषयाशी काय संबंध, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

वाचकहो, संबंध आहे, आणि फार जवळचा आहे. तोच आज सांगणार आहे. दिवाळीच्या अंकात, चकलीच्या ताटाशेजारी हा विषय कशाला, असे कुणाला वाटले तर त्यांनी एवढेच आठवावे, की दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आपण सारे स्वच्छतेच्याच मागे लागलेले असतो. घरातली घाण बाहेर गेली की आपण निःश्वास टाकतो. ती बाहेर कुठे गेली आणि कुणी नेली, हा प्रश्न मात्र आपल्या दिवाळीत येत नाही.

तर त्याचे असे झाले. माझी पुतणी नोकरीनिमित्त दिल्लीच्या द्वारका भागात राहते. आम्ही तिच्याकडेच उतरलो होतो. एके दिवशी सकाळी ती म्हणाली, "काका, इथून जवळच पालम-डाबरी रस्त्यावर, महावीर एन्क्लेव्हमध्ये, सुलभवाल्यांचं संग्रहालय आहे. ते बघाच तुम्ही."

"कसलं गं संग्रहालय?" सौ.ने विचारले.

पुतणीने सांगितले. सौ. माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, ते बघायला दिल्लीपर्यंत आलो का आपण? इथे चार दिवस सहा माणसं एका संडासापुढे नंबर लावताहेत, ते प्रदर्शन पुरे नाही झालं?"

पण पुतणीचा आग्रह होता आणि बाहेर ऊन मी म्हणत होते. लाल किल्ल्याच्या फरशीवर भाजून निघण्यापेक्षा छपराखालचे काहीही बरे, या विचाराने आम्ही निघालो.

हे संग्रहालय बिंदेश्वर पाठक यांनी १९९२ साली उभारले. भिंतींवर क्रमवार तक्ते लावलेले आहेत. आरंभ होतो तो साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या सिंधू संस्कृतीपासून. मोहेंजोदडो आणि हडप्पा इथल्या विटांच्या, वरून झाकलेल्या गटारांची माहिती वाचून कुणाही भारतीयाची मान ताठ होते. पुढे रोमन लोक येतात, मग युरोपातले किल्ले आणि राजवाडे येतात. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीसाठी तिचा मानसपुत्र सर जॉन हॅरिंग्टन याने १५९६ च्या सुमारास पाण्याने धुऊन निघणारे शौचपात्र तयार केले. त्यावर त्याने एक विनोदी पुस्तकही लिहिले. मग १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग याने नळीला इंग्रजी 'एस' अक्षरासारखे वळण देऊन तिच्यात पाणी अडवून ठेवण्याची युक्ती काढली आणि तिचे पेटंट घेतले. आज आपल्या घरात खालचा वास वर येत नाही, तो या वळणात अडकलेल्या पाण्यामुळे. एवढ्याशा पाण्याने केवढे काम केले आहे!

तक्त्यांच्या जोडीला वस्तू आहेत. एक फ्रेंच कमोड असा घडवलेला आहे की लांबून पाहणाऱ्याला तो जाडजूड ग्रंथांचा ढीग वाटावा. मी साहित्याचा माणूस. मला तो पाहून बराच वेळ काय म्हणावे ते सुचेना. काही ग्रंथांच्या बाबतीत ही कल्पना अगदीच अन्यायाची नाही, असे मी हळूच पुटपुटलो. त्यावर सौ.ने मला पुढे ढकलले.

पुढे सगळ्यांत मोठी गर्दी होती. तिथे आहे फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या सिंहासनाची प्रतिकृती. हा राजा म्हणे दरबारी लोकांशी बोलता बोलता तिथेच आपला विधी उरकत असे, आणि त्यासाठी आसनाच्या मधोमध सोय केलेली होती. मंडळी हसत होती, मोबाईलवर एकमेकांचे फोटो काढत होती. शाळेतली मुले तर गडबडा लोळायचीच बाकी होती. मीही हसलो. राजे लोकांच्या अशा गोष्टी ऐकून सामान्य माणसाला बरे वाटते.

सौ. मात्र हसत नव्हती. ती खाली वाकून त्या आसनाच्या बुडाकडे पाहत होती. मला म्हणाली, "वर राजा बसला, ते कळलं. पण खालचं भांडं कोण काढत होतं?"

वाचकहो, घर चालवणाऱ्या बाईला जो प्रश्न सुचतो तो एम. ए. झालेल्याला सुचेलच असे नाही. तिच्या त्या वाक्याने माझ्यापुरते त्या दालनाचे रूप पालटले. तोवर मी बसणाऱ्यांचा इतिहास वाचत होतो. आता प्रत्येक तक्त्यापाशी मला एकच दिसू लागले, की जिथे नळी नाही आणि वाहते पाणी नाही तिथे एक माणूस आहे. हॅरिंग्टनचे यंत्र एका राणीसाठी होते. बाकीच्या जगात भांडी होती, आणि भांडे असले की ते उचलणारा लागतोच. इतर देशांत हे काम गरिबाच्या वाट्याला आले. आपल्याकडे ते जातीच्या वाट्याला आले. गरिबी कधी तरी फिटण्याची निदान आशा असते, जातीला तशी आशाही नव्हती. बापाने उचलले म्हणून मुलाने उचलायचे, सासूने नेले म्हणून सुनेने न्यायचे.

आणि इथेच माझ्या विषयाचा संबंध येतो. हे सगळे डोळ्यांआड राहावे म्हणून माणसाने सर्वांत जास्त कोणती गोष्ट वापरली असेल, तर ती भाषा.

आपल्या मराठीतच पाहा. जुनी माणसे 'परसाकडे' जात, 'बहिर्दिशेस' जात, 'झाड्याला' जात. यांतल्या एकाही शब्दात मूळ क्रियेचा पत्ता नाही; आहे ती फक्त दिशा. जुन्या मराठीत 'शेतखाना' असा एक शब्द आढळतो. त्याचा शेताशी काही संबंध नाही. फारसीतला 'सेहतखाना', म्हणजे आरोग्याचे घर, मराठीत येता येता शेतखाना झाला. 'पायखाना' म्हणजे नुसते पायांचे घर. हे आपलेच वैशिष्ट्य आहे असेही नाही. 'टॉयलेट' म्हणजे मुळात फ्रेंच भाषेतला छोटासा कापडाचा तुकडा, 'कमोड' म्हणजे सोयीची वस्तू, आणि 'लॅट्रिन'च्या मुळाशी लॅटिनमधली धुण्याची जागा. जिथे बसायचे त्या जागेला साऱ्या जगाने असे सोवळे नेसवले आहे. त्यात लाज आहे, आणि ही लाज समजण्यासारखी आहे.

पण जो माणूस ती जागा साफ करतो त्याला दिलेली नावे पाहिली म्हणजे मती गुंग होते. 'मेहतर' हा फारसी शब्द. त्याचा अर्थ अधिक मोठा, सरदार, राजपुरुष. 'हलालखोर' म्हणजे कष्टाची, न्यायाची भाकरी खाणारा. हे नाव अकबर बादशहाने रूढ केले असे 'ऐन-ए-अकबरी'त म्हटले आहे. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात या कामासाठी घेतल्या जाणाऱ्या पट्टीचे नावच 'हलालखोर कर' असे होते. उत्तरेत त्याला 'जमादार' म्हणत. पुढे 'हरिजन' हे नाव आले. आपल्या काळात २०२० पासून सरकारी कागदांत 'सफाईमित्र' असा शब्द दिसतो, आणि २०२३ साली केंद्र सरकारने गटारसफाई यंत्राने व्हावी म्हणून जी योजना काढली तिच्या इंग्रजी नावातली आद्याक्षरे जुळवून होते 'नमस्ते'. सरदार झाला, न्यायाची भाकरी खाणारा झाला, देवाचा माणूस झाला, मित्र झाला, शेवटी नमस्कारही झाला. शब्दकोशात हा माणूस पायरीपायरीने वर चढत गेला. डोक्यावरची टोपली मात्र शतकानुशतके तिथेच राहिली.

शब्दांनी जे केले तेच घरांच्या बांधणीनेही केले. मुंबईच्या जुन्या चाळींमागे 'घरगल्ली' असते. दोन इमारतींच्या पाठींमधला तो अरुंद बोळ सफाईवाल्याच्या येण्याजाण्यासाठी ठेवलेला असे. पुढच्या दाराने पाहुणे, मागच्या बोळाने तो. गावोगावच्या वाड्यांतही हीच रीत. संडास उंचावर, खाली टोपली किंवा डबा, आणि बोळाच्या बाजूने हात घालून तो ओढून घेता यावा म्हणून एक बुटके पत्र्याचे दार. आतल्या माणसाने बाहेरचा हात पाहू नये आणि बाहेरच्याने आतले घर पाहू नये, असा तो बंदोबस्त.

आमच्या अण्णांचे, म्हणजे वडिलांचे, लहानपण घाटावरच्या एका तालुक्याच्या गावी अशाच वाड्यात गेले. दिल्लीहून परतल्यावर मी त्यांना विचारले, "अण्णा, तुमच्याकडे टोपलीचा संडास होता ना? साफ करायला कोण यायचं?"

"एक बाई यायची," अण्णा म्हणाले. "सकाळी सातच्या सुमाराला. बोळातलं पत्र्याचं दार वाजलं की आई आम्हाला म्हणायची, 'आता थांबा, ती आलीय.' दिवाळीला आई तिला फराळ द्यायची. वरून टाकायची पदरात. आमच्याकडे बारा-तेरा वर्षं तरी येत असेल ती."

"तिचं नाव काय होतं?"

अण्णांची स्मरणशक्ती आमच्या घरात प्रसिद्ध आहे. त्यांना पहिलीच्या मास्तरांचे आडनाव आठवते, वाड्यातल्या गाईचे नाव आठवते, शेजारच्या कुत्र्याचेही आठवते. ते बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "नाव ठाऊकच नव्हतं रे. सगळे 'ती आली' असंच म्हणायचे."

मी पुढे काही विचारले नाही. त्यांनीच थोड्या वेळाने विचारले, "त्या संग्रहालयात यावर काही उपाय दाखवलाय का?"

दाखवला आहे. मात्र तो सिंहासनाच्या दालनात नाही, बाहेर अंगणात आहे, आणि तिथे फोटो काढणाऱ्यांची गर्दी नव्हती. तो पाहण्याआधी बिंदेश्वर पाठक यांच्याविषयी थोडे सांगायला हवे. ते १९४३ साली बिहारमधल्या एका ब्राह्मण घरात जन्मले. लहानपणी त्यांनी कुतूहलाने एका अस्पृश्य मानल्या गेलेल्या बाईला हात लावला, तेव्हा आजीने त्यांना शुद्धीसाठी शेण, गोमूत्र आणि गंगाजल गिळायला लावले. ही आठवण त्यांनी जन्मभर सांगितली. १९६८ साली गांधी जन्मशताब्दी समितीच्या कामात ते पडले आणि मैला वाहणाऱ्यांच्या वस्तीत जाऊन राहिले. १९७० साली त्यांनी सुलभ संस्था काढली. पहिली काही वर्षे कुणी विचारीना. १९७३ साली बिहारमधल्या आरा इथल्या नगरपालिकेने दोन नमुन्याचे संडास बांधून दाखवण्यासाठी ५०० रुपये दिले, तेव्हा कुठे काम मार्गी लागले. १५ ऑगस्ट २०२३ रोजी दिल्लीत झेंडावंदन झाल्यावर ते वारले.

अंगणातला तो उपाय म्हणजे दोन खड्डे. उताराचे भांडे असे की लोटा-दोन लोटे पाण्यात ते स्वच्छ व्हावे. भांड्याच्या पुढे नळीला दोन फाटे, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला एक खड्डा. खड्ड्याच्या भिंतीच्या विटांत फटी ठेवलेल्या असतात, त्यांतून पाणी आणि वायू जमिनीत जिरतात. एका वेळी एकच खड्डा चालू ठेवायचा. तो काही वर्षांनी भरला की त्याची वाट बंद करून दुसऱ्याची उघडायची. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातल्या मैल्याची माती झालेली असते. कोरडी, वास नसलेली, शेतात टाकता येईल अशी. ती उपसताना कुणाला किळस येत नाही आणि कुणाची जात लागत नाही. विहिरीपासून लांब खणण्याची काळजी घेतली की झाले. अवघड यंत्र नाही, परदेशी माल नाही. गावच्या गवंड्याला जमण्यासारखी गोष्ट.

ती पाहताना मला अप्पासाहेब पटवर्धनांची आठवण झाली. कोकणचे गांधी म्हणून आपण त्यांना ओळखतो. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले. तुम्ही उच्चवर्णीय, तुम्हाला ते देता येत नाही, असे उत्तर आले. त्यांनी अन्नावर बंधन घातले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी कमी खर्चाच्या, मैल्याचे खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग वर्षानुवर्षे केले. स्वतः झाडू हातात घेण्यापासून झाडूची गरजच संपवण्यापर्यंतचा हा प्रवास मला फार मोलाचा वाटतो.

कारण या प्रश्नात दोन वाटा आहेत. एक वाट त्या कामाला पवित्र म्हणण्याची. गांधीजींनी १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये स्वतः झाडू घेऊन संडास साफ केला, तेव्हा भोवतीचे स्वयंसेवक हे आपले काम नव्हे म्हणून बाजूला उभे होते. गांधीजींच्या कृतीचे धैर्य कोण नाकारील? पण कामाचे गोडवे गायचे आणि ते त्याच जातीच्या माथी ठेवायचे, यावर डॉ. आंबेडकरांनी कठोर टीका केली. जातिव्यवस्थेने कामे वाटून दिली असे आपण समजतो, खरे पाहता तिने कामकऱ्यांनाच एकमेकांपासून तोडले, हे त्यांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते. दुसरी वाट म्हणजे टोपलीच नाहीशी करण्याची. त्या अंगणात मला ही दुसरी वाट दिसली. तिथे कुणाला मोठे नाव दिलेले नाही, फक्त जमिनीत दोन खड्डे घेतले आहेत. आणि गंमत अशी, की टोपली गेली तेव्हाच माणसांची खरी नावे जगाला कळू लागली. राजस्थानातल्या अलवरच्या उषा चौमर लहानपणापासून मैला वाहत होत्या. ते काम सुटले, त्या शिकल्या, बोलू लागल्या, आणि २०२० साली राष्ट्रपतींच्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. अण्णांच्या बोळात येणाऱ्या बाईंचेही काही तरी नाव असणारच.

"चला, म्हणजे प्रश्न सुटला," असे आपल्याला म्हणता आले असते तर किती बरे झाले असते! पण तो सुटलेला नाही, त्याने जागा बदलली आहे. कायद्यांची कमतरता नाही. मुंबई सरकारने १९४९ साली बर्वे समिती नेमली, केंद्राने १९५७ साली मलकानी समिती नेमली. १९९३ साली कोरडे संडास आणि मैला वाहणे यांवर बंदीचा कायदा झाला. २०१३ साली दुसरा, अधिक कडक कायदा आला. त्याने गटारे आणि सेप्टिक टाक्या यांचाही विचार केला. पुरेशी संरक्षक साधने दिल्याशिवाय कुणालाही टाकीत किंवा गटारात उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळेस दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागते याचा अर्थ उघड आहे. माणसे अजून आत उतरतात, आणि काही वर येत नाहीत.

आणि हे फक्त महापालिकेच्या गटारात घडते असे समजू नका. तुमच्या-माझ्या इमारतीच्या आवारात, जिथे आपण रांगोळी घालतो आणि मुलांचे किल्ले उभे राहतात, तिथेच फरशीखाली एक टाकी असू शकते. आमच्या सोसायटीची आहे. यंदाच्या पावसाळ्यात ती तुंबली आणि सभा बोलावण्यात आली. चिटणीसांनी दोन दर मांडले. एक मैला ओढून घेणाऱ्या गाडीचा, दुसरा त्याच्या निम्म्याहून कमी.

"हे इतक्या स्वस्तात कसं काय करतात?" कुणी तरी विचारले.

"दोन माणसं येतात," चिटणीस म्हणाले. "अनुभवी आहेत. तासाभरात मोकळं करून देतात."

"कोण माणसं? नावं काय त्यांची?" मी विचारले.

"नावं कशाला हवीत सर? ठेकेदाराचा नंबर आहे ना माझ्याकडे."

चिटणीस सज्जन गृहस्थ आहेत. सोसायटीचे दोन पैसे वाचावेत एवढाच त्यांचा हेतू होता. पण मला अण्णांच्या बोळातले पत्र्याचे दार वाजल्यासारखे झाले. मी कायद्याचे कलम सांगितले, शिक्षा सांगितली. मंडळी थोडी चुळबुळली. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या बाई उठल्या. त्यांची सारी नोकरी रुग्णालयात परिचारिका म्हणून गेलेली. त्या शांतपणे म्हणाल्या, "टाकीतल्या वायूचा आधी वास येतो, मग येईनासा होतो. वायू गेलेला नसतो, आपलं नाक मेलेलं असतं. मग आतला माणूस हाकही न मारता कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही तिथेच पडतो. म्हणून एका टाकीत दोघे-तिघे जातात. तुमचा हिशेब चालू द्या, मी आपलं माहीत असलेलं सांगितलं."

हिशेब पुढे चालला नाही. गाडी ठरली. प्रत्येक बिऱ्हाडाला काहीशे रुपये जास्त पडले. तेवढ्यात कुणाची दिवाळी बुडाली नाही. गाडी आली, जाड नळी टाकीत गेली, माणूस बाहेर जमिनीवरच उभा राहिला. सौ.ने त्याला चहा नेऊन दिला, आपल्या रोजच्या कपातून, आणि नाव विचारले. त्याने हसून सांगितले. ते इथे छापायचे कारण नाही. आमच्या आवारातल्या सर्वांना ते आता ठाऊक आहे, आणि पुढल्या वेळी गाडी बोलावताना चिटणीस त्याच नावाने विचारतील.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतो. ती लक्ष्मी, तिला पाय लागू द्यायचा नाही, असे आईने आपल्याला शिकवलेले असते. ही मला आपल्या सणांतली फार सुंदर रीत वाटते. यंदा ती केरसुणी पुजताना, तुमच्या घराबाहेरची, तुमच्या गल्लीतली, तुमच्या आवारातली केरसुणी ज्याच्या किंवा जिच्या हातात असते, त्या व्यक्तीचे नाव घरातल्या मुलांना विचारून पाहा. त्यांना सांगता आले तर उत्तमच. नाही आले, तर पाडव्याच्या सकाळी मुलांना बरोबर घेऊन खाली जा, फराळाची पुडी हातात द्या, आणि ओळख करून घ्या. आणि तुमच्या इमारतीखाली टाकी असेल तर पुढच्या सभेत ती कोण साफ करतो, कशाने करतो, आणि त्यासाठी कुणाला आत उतरावे लागते का, एवढे तीन प्रश्न विचारा. दर ठरवायचा तो त्यानंतर.